जुना चिनी उच्चार शोधायचा कसा? यमककोश पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने आपल्या प्रदेशाचं नाव चार चिनी अक्षरांत लिहून ठेवलं आहे. ती अक्षरं आज बीजिंगच्या माणसाने वाचली तर ‘मो-ह-ला-छा’ असं काहीतरी ऐकू येतं. मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिनी शिकायला लागून तीन वर्षं झाली होती. संस्कृत जाणणाऱ्या, इतक्या काटेकोर माणसाने ‘महाराष्ट्र’चं ‘मोहलाछा’ का करावं, हा प्रश्न मनातून जाईना. उत्तर एवढंच होतं की त्याने तसं केलं नव्हतं. त्याच्या तोंडी ती अक्षरं वेगळी वाजत होती.

ती कशी वाजत होती हे शोधायची वाट जुन्या चिनी यमककोशांतून, म्हणजे यमकाप्रमाणे अक्षरं लावलेल्या कोशांतून जाते. मी ती वाट उलट्या क्रमाने चाललो. आधी कुणीतरी तयार केलेले उच्चार पाठ केले, मग तक्ते पाहिले आणि शेवटी कोश उघडला. त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. तुमचं ते वाचावं म्हणून हा लेख. थोडंफार चिनी येत असेल तर उत्तम, नसेल तरी पद्धत समजायला अडचण येणार नाही.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. चिनी शब्दांच्या प्रचलित रोमन स्पेलिंगमध्ये ब, द, ग यांची अक्षरं दिसतात, पण मँडरिनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण चिनीत, ते आवाज प, त, क असे अघोष आहेत, आणि त्यांचे जोडीदार फ, थ, ख असे महाप्राण. आपण भारतीय वाचक स्पेलिंग पाहून ‘दोंग’ म्हणतो, चिनी माणूस ‘तुंग’ म्हणतो. या अभ्यासात घोष आणि अघोष हा फरक जीव की प्राण आहे, म्हणून इथे मी कानाला ऐकू येतं तसं लिहिणार आहे. बीजिंगसारखी रुळलेली नावं तेवढी तशीच ठेवतो.

हाताशी काय हवं

– ‘क्वांगयुन’ या यमककोशाची छापील किंवा स्कॅन केलेली प्रत, शेवटी अक्षरसूची असलेली. सूची नसलेली प्रत घेऊ नका, एकेक अक्षर शोधण्यात संध्याकाळ जाईल.
– पारंपरिक लिपीतली अक्षरं शोधता येतील असा ऑनलाइन शब्दकोश. विक्शनरीवर बहुतेक अक्षरांखाली जुन्या कोशातला वर्ग, फानछ्ये (दोन अक्षरांतून उच्चार सांगायची रीत) आणि आजच्या बोलींतले उच्चार एकत्र मिळतात.
– कँटनीज, म्हणजे हाँगकाँगकडच्या बोलीचे, उच्चार देणारं एखादं साधन. जपानी किंवा कोरियन येत असेल तर सोन्याहून पिवळं.
– एक जाड वही. दर अक्षराला एक ओळ आणि पाच रकाने: वरचं अक्षर, खालचं अक्षर, व्यंजनवर्ग, यमकवर्ग, सूर.
– मराठी शाळेत पाठ केलेली वर्णमाला. हिचा उपयोग पाचव्या पायरीला कळेल.

पायरी १: कोश कशासाठी लिहिला ते आधी समजून घ्या

सगळ्याचं मूळ ‘छ्येयुन’ या कोशात आहे. तो लू फायेन याने ६०१ साली, सुई राजवटीत पुरा केला. त्याची प्रस्तावना शिल्लक आहे आणि ती वाचताना ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी आठ विद्वान लूच्या घरी मुक्कामाला आले होते. रात्र चढली, मद्य संपत आलं आणि बोलणं उच्चारांवर आलं. दक्षिणेकडचे लोक हलकं बोलतात, उत्तरेकडचे जड बोलतात, अमक्या भागात एक सूर दुसऱ्यासारखा लावतात, आणि आधीचे यमककोश एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातल्या एकाने लूला सांगितलं की हे सगळं लिहून ठेव, आपण काही जण ठरवू तेच ठरलं. लूने दिव्याखाली बसून टिपणं काढली, आणि कोश त्या टिपणांवरून पुढे तयार झाला.

या आठांत दक्षिणेतून आलेलेही होते आणि उत्तरेतलेही. म्हणजे छ्येयुन ही एका गावच्या बोलीची नोंदवही नाही. सुशिक्षित माणसाने कविता वाचताना कुठले फरक पाळावेत याबद्दलचा तो समझोता आहे. कोशातले सगळे फरक एकाच माणसाच्या जिभेवर नांदत असतील असं धरून चालू नका. नवख्यांची पहिली फसगत इथे होते. ‘६०१ सालच्या राजधानीतली भाषा’ असं म्हणून ते मोकळे होतात आणि मग प्रत्येक विसंगतीपाशी अडतात.

मूळ छ्येयुन हरवला. त्याचे तुकडे तुनह्वांगच्या गुहेत आणि तुर्फानला मिळाले. ७०६ साली वांग रन्श्यू याने केलेल्या सुधारित आवृत्तीची एक पूर्ण हस्तलिखित प्रत १९४७ मध्ये बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात उजेडात आली. पण नव्या माणसाने तिथून सुरुवात करू नये. सुंग राजवटीत १००८ साली छन फंगन्येन आणि सहकाऱ्यांनी याच परंपरेचा वाढवलेला कोश सरकारी आज्ञेने तयार केला, तो क्वांगयुन. त्यात २६,१९४ अक्षरं आहेत. छ्येयुनमध्ये १९३ यमकवर्ग होते, इथे २०६ झाले. ही वाढ पाहून चारशे वर्षांत भाषेत नवे आवाज आले असं समजू नका. बहुतेक जागी एकाच जुन्या वर्गाचे दोन भाग पाडले आहेत, एवढंच.

पायरी २: पान वाचायला शिका

क्वांगयुनचे पाच खंड आहेत आणि मांडणी सुरांप्रमाणे, म्हणजे शब्द म्हणताना आवाजाच्या चढउताराप्रमाणे आहे. चार सूर: फिंग (सम), शांग (चढता), छ्यू (जाणारा), रू (आत शिरणारा). फिंगमध्ये अक्षरं इतकी जास्त की त्यालाच दोन खंड लागले. वर्गांची संख्या अशी: फिंग ५७, शांग ५५, छ्यू ६०, रू ३४.

चार सूर म्हणजे काय हे ल्यांग राजवटीच्या सम्राट वू यालाही विचारावं लागलं होतं. दरबारी चौ श याने उत्तर दिलं, “थ्येन त्स शंग च”, म्हणजे ‘देवपुत्र पवित्र आणि ज्ञानी’. चार शब्द, आणि प्रत्येक शब्द एकेका सुराचा, त्याच क्रमाने. हे वाक्य पाठ करून टाका, क्रम कधी चुकणार नाही.

रू हा सूर खरं तर शब्दाच्या शेपटीवरून ओळखायचा. ज्या शब्दांच्या शेवटी प्, त् किंवा क् असा तुटका आवाज होता ते सगळे रू. म्, न्, ङ् अशा अनुनासिकात संपणाऱ्या शब्दांचे ते जोडीदार. म्हणूनच त्यांचे वर्ग कमी आहेत, कारण स्वरात संपणाऱ्या शब्दांना अशी जोडी नाही.

आता पहिलं पान उघडा. पहिला यमकवर्ग ‘पूर्व दिशा’ या अर्थाच्या अक्षराचा, आजचा उच्चार तुंग. वर्गात शब्दांचे छोटे गट आहेत आणि प्रत्येक गटाच्या आरंभी वर्तुळ आहे. एका गटातली सगळी अक्षरं अगदी एकाच उच्चाराची. गटातल्या पहिल्या अक्षराखाली अर्थ, अर्थाच्या शेवटी उच्चार सांगणारी दोन अक्षरं आणि ‘छ्ये’ हा शब्द, त्याखाली आकडा. ‘तुंग’खाली १७ लिहिलंय, म्हणजे या गटात सतरा अक्षरं. त्यानंतरच्या सोळा अक्षरांना उच्चार पुन्हा दिलेला नसतो. मी सुरुवातीला प्रत्येक अक्षराखाली उच्चार शोधत बसायचो आणि प्रत अपुरी आहे असं समजायचो.

अर्थाचा मजकूर वगळून पुढे जाऊ नका. ‘पूर्व’च्या खाली वसंताची दिशा, सूर्य झाडामागे असल्याचं अक्षराचं चित्र इथपासून सुरू होऊन मजकूर ‘पूर्ववारा’ नावाच्या एका पालेभाजीपर्यंत जातो. तिचा देठ तांबडा, मांसाबरोबर रस्सा केला तर चव विरजलेल्या दुधासारखी, वास ऑर्किडसारखा. उच्चाराच्या कोशात हजार वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर असं अचानक दिसतं, आणि मला तरी त्यानेच या पुस्तकाशी बांधून ठेवलं.

सापळा: नव्या सोप्या लिपीत अक्षर टाकून शोधू नका. सोप्या लिपीत अनेक जुनी अक्षरं एक केली आहेत. ‘फक्त’ या अर्थाचं चि आणि प्राणी मोजताना लागणारं चि ही दोन आज एकाच अक्षराने लिहितात. क्वांगयुनमध्ये पहिलं शांग सुरात आहे, दुसरं रू सुरात, शेवटी क् असलेलं.

पायरी ३: फानछ्ये, म्हणजे दोन अक्षरांतून तिसऱ्याचा उच्चार

‘छ्ये’ या शब्दाआधीची दोन अक्षरं म्हणजे उच्चाराची किल्ली. पद्धत मराठीतून सांगतो. समजा मला ‘मीठ’ हा शब्द उच्चार न लिहिता सांगायचा आहे. मी म्हणेन: ‘मासा-पीठ’. ‘मासा’तला पहिला आवाज म् घ्या, ‘पीठ’मधला पहिला आवाज टाकून ‘ईठ’ ठेवा. म् अधिक ईठ, मीठ. चिनी फानछ्ये हेच करतं. वरच्या अक्षराचं फक्त आरंभीचं व्यंजन, खालच्याचं बाकीचं सगळं, सुरासकट.

तुंगची किल्ली आहे त–हुंग. त् अधिक उंग, तुंग. छान जमलं. पण आज मँडरिनमध्ये ‘हुंग’ (लाल) दुसऱ्या सुरात आहे आणि ‘तुंग’ पहिल्या. किल्ली तर म्हणते सूर खालच्या अक्षराचा. मग चुकलं कुठे?

कुठेच नाही. जुन्या काळी दोन्ही फिंग होते. पुढे आरंभीचं व्यंजन अघोष असेल तर फिंगचा आजचा पहिला सूर झाला, घोष असेल तर दुसरा. ‘हुंग’चं व्यंजन जुन्या काळी घोष होतं, ‘तुंग’चं अघोष. नंतर मँडरिनमधून घोष व्यंजनं गेली, पण त्यांची सावली सुरात राहिली.

याच वर्गात ‘एकसारखा’ या अर्थाचं अक्षर बघा, आज थुंग, किल्ली थू–हुंग. याचं आरंभीचं व्यंजन जुन्या काळी द होतं. फिंग सुरातला द आज थ झाला, बाकीच्या सुरांतला द आज त. म्हणून ‘गुहा’ या अर्थाचं अक्षर, ज्याच्या किल्लीत वर तेच थू आहे, आज तुंग वाजतं, चौथ्या सुरात. थ आणि त, दोघांच्या मुळाशी एकच द. शांघाय–सुचौच्या बोलींत असे घोष आवाज अजून ऐकू येतात.

रोज पाच किल्ल्या सोडवा. महिनाभर तरी दुसरं काही करू नका.

पायरी ४: आजच्या जिभेवर विश्वास ठेवू नका, साखळी जोडा

आता खरी अडचण. ‘त’ हे अक्षर आज त वाजतं म्हणून जुन्या काळीही ते त-वर्गात होतं हे कशावरून? हे कोशातूनच सिद्ध करण्याची रीत क्वांगतुंग प्रांतातल्या छन ली याने १८४२ साली मांडली. सबंध चिनी विद्येत मला इतकी स्वच्छ युक्ती क्वचित दिसली आहे.

किल्लीत वापरलेल्या अक्षरांनाही कोशात स्वतःच्या किल्ल्या आहेत. ‘तुंग’ (पूर्व) च्या किल्लीत वर ‘त’ आहे. ‘त’ची स्वतःची किल्ली काढा, तिथे वर ‘तुओ’. ‘तुओ’ची काढा, तिथे वर ‘त’च्याच गटातलं, त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर. म्हणजे त आणि तुओ एकाच व्यंजनाचे. दुसरीकडे ‘तुंग’ (हिवाळा) च्या किल्लीत वर ‘तू’ आहे. ‘तू’च्या किल्लीत वर ‘तांग’, ‘तांग’च्या किल्लीत वर ‘तू’. ही दुसरी साखळी. दोन्ही साखळ्या एकमेकींना भेटत नाहीत. मग या दोन व्यंजनांचा एक वर्ग की दोन?

इथे छन ली एका तिसऱ्या अक्षराकडे बोट दाखवतो: ‘गोठणं’, हेही तुंग. त्याला कोशात दोन उच्चार आहेत. फिंग खंडात मुख्य किल्लीबरोबर ‘शिवाय तू–कुंग’ अशी टीप आहे. तोच दुसरा उच्चार छ्यू खंडात जागेवर दिला आहे, पण तिथे लिहिलंय ‘तुओ–कुंग’. एकाच उच्चाराच्या दोन किल्ल्या, म्हणजे तू आणि तुओ यांचं व्यंजन एकच. दोन साखळ्या जुळल्या. आवाज काय होता हे अजून आपल्याला माहीत नाही, पण कोण कोणाबरोबर आहे हे नक्की झालं.

खालच्या अक्षरांनाही हेच लागू. ‘पूर्व’ आणि ‘हिवाळा’ आज मँडरिनमध्ये अगदी सारखे ऐकू येतात, पहिल्या सुरातले दोन तुंग. कोशात ते पहिल्या आणि दुसऱ्या यमकवर्गात आहेत आणि त्यांच्या खालच्या अक्षरांच्या साखळ्या कुठेच भेटत नाहीत. वर्गांच्या यादीत शेजारी बारीक टीप असते, ‘स्वतंत्र वापरा’ किंवा ‘पुढच्याबरोबर वापरा’. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराला कवितेत कुठले वर्ग एकत्र चालतील ते त्यावरून कळायचं. ‘पूर्व’चा वर्ग स्वतंत्र, ‘हिवाळा’चा त्याच्या पुढच्या वर्गाबरोबर. पुढे वर्ग कमी होऊन १०६ झाले तरी ही दोन यमकं वेगळीच राहिली, आणि तोंडातला फरक पुसल्यावरही कवी ती शतकानुशतकं वेगळी पाळत आले.

सापळा: साखळी कधी कधी कोशकाराच्या किंवा लेखनिकाच्या चुकीनेही जुळते किंवा तुटते. एका दुव्यावर निकाल देऊ नका, दुसरा पुरावा शोधा.

पायरी ५: तक्ते, म्हणजे जवळजवळ आपली वर्णमाला

आता मराठी वाचकाला घरी आल्यासारखं वाटेल. थांग राजवटीच्या उत्तरार्धापासून व्यंजनांना एकेक नमुना-अक्षर देऊन याद्या केल्या गेल्या. तुनह्वांगच्या एका हस्तलिखितात शौवन नावाच्या भिक्षूच्या नावावर तीस व्यंजनांची यादी आहे, नंतर ती छत्तीसांची झाली. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्धांच्या विद्येची छाप या याद्यांवर स्पष्ट आहे. बघा:

च्येन, शी, छ्युन, ई: क, ख, ग, ङ
त्वान, थौ, तिंग, नी: त, थ, द, न
चि, छ, छंग, न्यांग: ट, ठ, ड, ण
पांग, फांग, पिंग, मिंग: प, फ, ब, म

डावीकडे नमुना-अक्षरांचे आजचे उच्चार, उजवीकडे त्यांची जुनी जागा. क-वर्गाचा नमुनाच आज ‘च्येन’ वाजतो यावरून मधल्या काळात केवढी उलथापालथ झाली ते दिसतं. दर वर्गात चारच घरं आहेत, घ, ध, भ यांच्यासारखे घोष महाप्राण चिनीत नव्हते. आणखी एक सोय खास मराठी माणसाची: ‘चाक’मधला दंत्य च आणि ‘चिमणी’मधला तालव्य च हे चिनीतही दोन वेगळे वर्ग आहेत. आपल्याला ते कुणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं चौकटीत मांडलेलं पुस्तक म्हणजे ‘युनचिंग’. एकूण ४३ तक्ते, आडवे २३ रकाने व्यंजनांचे, उभ्या सोळा ओळी: चार सूर आणि प्रत्येक सुरात चार श्रेणी. हे पुस्तक चीनमध्ये दिसेनासं झालं होतं, जपानमध्ये टिकलं. तुमच्या वहीतलं एकेक अक्षर तक्त्यात शोधा. श्रेणी म्हणजे काय यावर पहिल्याच आठवड्यात डोकं फोडून घेऊ नका. पहिल्या श्रेणीतले शब्द तोंड मोठं उघडून म्हणायचे, तिसऱ्या–चौथ्यातले बारीक, एवढं आत्ता पुरे.

सापळा: तक्ते कोशानंतर काही शतकांनी झाले. छत्तीस व्यंजनं ही छ्येयुनची व्यंजनं नव्हेत. उदाहरणार्थ, छत्तीसांत ‘फळ’मधला फ आणि ‘फॅन’मधला फ यांच्यासारखे दोन ओष्ठ्य वर्ग आहेत, छ्येयुनमध्ये एकच. तक्त्यात कोंबण्यासाठी कोशाला वाकवू नका.

पायरी ६: आता कुठे आवाज भरा

इथपर्यंत हातात फक्त खोके आहेत. त्यांत आवाज भरायला बाहेरचे साक्षीदार लागतात.

पहिला साक्षीदार आजच्या बोली. एक, सहा, सात, आठ, दहा हे आकडे मँडरिनमध्ये ई, ल्यौ, छी, पा, श असे शेपटी तुटलेले आहेत. कँटनीजमध्ये यात्, लुक्, छात्, पात्, साप्. जुन्या जपानी उसनवारीत इचि, रोकु, शिचि, हाचि, कोरियनमध्ये इल, युक, छिल, फल, शिप, आणि कोरियनमध्ये त् च्या जागी ल येतो हा नियम एकदा कळला की सगळे एकच गोष्ट सांगतात. हे पाचही आकडे क्वांगयुनच्या रू खंडात आहेत, त् चे त्-वर्गांत, क् चा क्-वर्गात, प् चा प्-वर्गात.

स्वीडनचा बेर्नहार्ड कार्लग्रेन १९१० ते १९१२ चीनमध्ये फिरून बोलींचे उच्चार गोळा करत होता. १९१५ ते १९२६ या काळात त्याने फ्रेंचमध्ये छापलेल्या ग्रंथात या साक्षींवरून कोशातल्या बहुतेक खोक्यांना आवाज दिले. आज वापरात असलेल्या बहुतेक पद्धती त्याच्या कामाची दुरुस्ती किंवा त्याच्याशी वाद आहेत.

दुसरा साक्षीदार आपला: संस्कृत शब्दांची चिनी अक्षरांतली लिप्यंतरं. १९२३ मध्ये वांग रुंगपाओ याने अशा लिप्यंतरांवरून दाखवलं की आज ओ किंवा अ असा वाजणारा यमकवर्ग थांग–सुंग काळापर्यंत चक्क ‘आ’ होता. त्यावर मोठा वाद पेटला, कारण लिप्यंतरांना पुरावा मानायची तोवर सवय नव्हती. १९३१ मध्ये लुओ छांगफेइ याने याच मार्गाने वर दिलेला ‘चि, छ, छंग’ हा वर्ग मूर्धन्य, म्हणजे आपला ट, ठ, ड असल्याचं मांडलं. कार्लग्रेनने तो तालव्य मानला होता.

बुद्धाचं नाव बघा. आज फो, आणि हा फ ‘फॅन’मधला. किल्ली फू–फू, दोन्ही फ तसेच. पण वरच्या अक्षराचं व्यंजन जुन्या घोष ओष्ठ्य वर्गात, म्हणजे ब, आणि यमक रू सुरातलं, शेवटी त्. ‘ब्युत्’सारखं काहीतरी. जपानीत बुत्सु, कोरियनमध्ये बुल. बुद्ध ऐकू आला की नाही?

सापळा: एखाद्या पुस्तकात ‘क्वांगयुनचा उच्चार’ म्हणून रोमन अक्षरं दिसली तर आधी विचारा की हा अंदाजित आवाज आहे की नुसती खोक्याची खूण. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम बॅक्स्टरची पद्धत संगणकावर टाइप करायला सोयीची म्हणून सगळीकडे दिसते, पण ती खूण आहे हे त्याने स्वतःच सांगितलंय. ती मोठ्याने वाचून ‘थांगकालीन उच्चार’ म्हणून मिरवू नका. आणि दोन विद्वानांच्या पद्धती एका ओळीत कधीही मिसळू नका. मी केलं होतं, अर्धी वही पुन्हा लिहावी लागली.

पायरी ७: ६०१ च्या मागे इतक्यात जाऊ नका

प्राचीन काव्यसंग्रह ‘शिचिंग’मध्ये पहिल्याच कवितेत ‘छाइ’ आणि ‘यौ’ हे शब्द यमकाच्या जागी येतात. बाराव्या शतकातल्या चू शीसारख्या थोर टीकाकारानेही अशा जागी यमक जुळावं म्हणून अक्षर तेवढ्यापुरतं वेगळं वाचायची सोय धरली. १६०६ साली छन ती याने त्यावर पुस्तक लिहून ठामपणे सांगितलं की काळाबरोबर आणि प्रदेशाबरोबर उच्चार बदलतात, ही यमकं त्या काळी आपोआप जुळत होती. पुढे कू येनवूने प्राचीन यमकांचे दहा गट पाडले. हा प्रांत सुंदर आहे, पण त्याची जमीन क्वांगयुनच आहे. ती पक्की झाल्याशिवाय तिकडे गेलात तर फक्त इतरांचे निष्कर्ष पाठ कराल. फुच्येनकडच्या मिन बोलींत छ्येयुनच्या चौकटीत न मावणारे जुने थर आहेत, त्यांनाही तोवर हात लावू नका.

पायरी ८: आता महाराष्ट्र

वहीचं नवं पान काढा आणि चार ओळी आखा.

मो: किल्ली मो–फो. व्यंजन म. यमक वांग रुंगपाओने सोडवलेल्या ‘आ’ वर्गातलं. म्हणजे मा.

ह: किल्ली हू–ह. व्यंजन ह किंवा घशातला ख. यमक त्याच वर्गाचा जुळा भाग. म्हणजे हा.

ला: किल्ली लू–ता. व्यंजन ल, चिनीत र नव्हता म्हणून र च्या जागी हाच येतो. खालचं ‘ता’ रू सुरातलं, शेवटी त्. म्हणजे लात्. इथे डोळे उघडे ठेवा. हे अक्षर ‘काटा’ या अर्थाच्या, आज त्सि असं काहीसं वाजणाऱ्या अक्षरासारखं दिसतं, फरक एका चौकटीच्या रेघेचा. माझे दोन दिवस ‘काट्या’त गेले, त् कुठून आणायचा तेच कळेना.

छा: व्यंजन ‘छ’ नमुन्याच्या वर्गातलं, म्हणजे ठ. यमक ‘मा’ (ताग) या वर्गातलं, म्हणजे आ. ठा. याच यमकवर्गात चहाचं अक्षर आहे, त्याचं व्यंजन शेजारच्या घरातलं, ड. आज दोन्ही ‘छा’ वाजतात, फक्त सूर वेगळे. आपला चहा ज्या अक्षरापासून आला ते आणि आपल्या राज्याच्या नावातलं शेवटचं अक्षर कोशात एका यमकाने बांधलेले आहेत, हे वहीत दिसलं तेव्हा मी बराच वेळ लिहायचा थांबलो होतो.

मा-हा-लात्-ठा. आता ल च्या जागी र घाला. पाली ग्रंथांत आपल्या प्रदेशाचं नाव ‘महारट्ठ’ आहे.

एवढ्यावरून ह्युएनत्संगाने प्राकृत रूपच ऐकलं असा निकाल मात्र लावू नका. तो संस्कृत रूपं नेमकी उतरवण्याबद्दल आग्रही होता, आणि ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर चिनी अक्षरांत बसवताना दुसरा उपायही फारसा नव्हता. एका शब्दावर निष्कर्ष उभा राहत नाही. त्याच्या प्रवासवर्णनातली ष्ट्र असलेली इतर नावं गोळा करा, प्रत्येकाची अशीच ओळ आखा, मग बोला.

सुरुवात त्याच मजकुरातल्या राजाच्या नावापासून करा. आजच्या उच्चाराने ते ‘पू-लुओ-ची-श’ आहे. दुसऱ्या अक्षराचं यमक तुम्हाला आता माहीत आहे. तिसऱ्याची किल्ली कू–शी, आणि वरच्या ‘कू’चा वर्ग पाचव्या पायरीच्या पहिल्या ओळीत आहे. बदामीच्या चालुक्यांची वंशावळ शेजारी ठेवून सोडवा.